व्यालेली म्हैस आणि माझे मऊ प्रवाळ

मंडळी, हे लिहायला मंचरच्या सायबर कॅफेत खास आलेय. हे सांगितल्याशिवाय राहवेना!

मी मऊ प्रवाळांचा अभ्यास करते. समुद्रात खडकाला चिकटलेले, झुडपासारखे दिसणारे हे जीव पाण्यातलं बारीक खाद्य पकडून खातात आणि अंगात चरबी साठवतात. वर्षभर दर महिन्याला मी दोन्ही मोजलं. निघालं काय, तर ज्या महिन्यांत ते सगळ्यात जास्त खातात, त्याच महिन्यांत चरबी सगळ्यात कमी! सर म्हणाले, "मोजणी चुकलीय, पुन्हा कर." पुन्हा अख्खं वर्ष? रडवेली होऊन अवसरीला घरी आले.

आज सकाळी काकू नुकत्याच व्यालेल्या म्हशीसाठी चुलीवर बाजरी-गूळ शिजवत होती. तिला माझं रडगाणं ऐकवलं, तर ती हसायलाच लागली.

"आगं, ही म्हैस बघ की. दिसभर खाती, तरी हाडं दिसत्यात. समदं दुधात जातं. तुझं परवाळ तवा व्यालं न्हवतं ना?"

मी पळत जाऊन वही उघडली. प्रवाळांनी अंडी सोडल्याच्या नोंदी शेवटच्या पानावर, माझ्याच अक्षरात. महिने तेच! चरबी अंड्यांत गेली होती. मोजणी बरोबर होती, मीच ते पान कधी जोडून पाहिलं नव्हतं. अंगणात अक्षरशः नाचले.

सरांना मेल केलाय. पण काकूनं लगेच पुढचा प्रश्न टाकला.

"तिथं समुद्रात त्या बाळंतिणीला बाजरी-गूळ कोण घालतं गं?"

तुम्हीच सांगा, काय उत्तर देऊ?