शिलाईतली माया

रझियाचाची गेल्याचं मला पेठ गावच्या एका मुलीनं फोनवर कळवलं. ओळख ना पाळख. "ताई, चाची गेल्या... त्यांनीच तुमचा नंबर दिला व्हता. माझ्या शिष्यवृत्तीचं आता तुमी बघाल का?" दोन्ही गोष्टी एका दमात. मला राग नाही आला. चाचींनाही हे असंच आवडलं असतं, असं आता महिनाभरानं वाटतं.

मंचरच्या बाजारात चाचींचं शिवणाचं दुकान. शाळा-कॉलेजचे गणवेश शिवायच्या. माप घेता घेता प्रत्येक पोरीला विचारायच्या, "बारावीनंतर काय?" पोरगी गप्प राहिली तर टेप खांद्यावर टाकून उत्तराची वाट बघायच्या. त्यांना स्वतःला यातलं फारसं माहीत नव्हतं. जुन्नरला, माहेरी, सातवीत शाळा सुटलेली. पण पुण्यात शिकणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावून विचारायच्या... वसतिगृह कसं मिळतं, उत्पन्नाचा दाखला कधी काढायचा, जेवण बरं असतं का. जेवणाचं तर हमखास.

मी महाळुंगे पडवळची. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, हे मी आजही मिरवून सांगते. तेव्हा मात्र मी चाचींना जवळच्याच दोन-तीन कॉलेजांची नावं सांगितली होती.

"ही कुणी निवडली?"

"एसटीनं."

"म्हंजे?"

"संध्याकाळी घरी आणणारी एसटी जिथनं सुटते, तीच कॉलेजं. दादांची अट आहे."

चाची इतक्या हसल्या की मशीन थांबवावं लागलं. "मग कंडक्टरलाच इचार, कुठला विषय घेऊ!" मग डोळे पुसत म्हणाल्या, "आन एसटीचं नसतं तर काय शिकली असतीस?"

मला असं कुणी विचारलंच नव्हतं. "संख्याशास्त्र," मी म्हणाले. ते पुण्याला होतं.

पुढच्या आठवड्यात माझे वडील, दादा, शर्ट सैल करून घ्यायला आले. मीही बरोबर होते.

"भाऊ, पोरीला पुण्याला जाऊ द्या. वसतिगृह हाय, शिष्यवृत्ती बी मिळंल."

"न्हाई भाभी. पोर सांजच्याला घरी पायजे."

चाचींनी शर्टाची शिवण उसवली आणि आतलं दुमडलेलं कापड बोटानं बाहेर ओढलं. पुढं सैल करता यावं म्हणून शिलाईच्या आत जे जादा कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. "ही माया ठेवली व्हती, म्हणून आज तुमचं पोट मावतंय. पोरीलाच तेवढी बेतून कापू नका राव."

दादा पोटाकडे बघत हसले आणि "बघू" म्हणाले. दादांचं 'बघू' म्हणजे अर्धा होकार. उरलेल्या अर्ध्यासाठी ते स्वतः पुण्याला गेले आणि वसतिगृहाच्या मेसमध्ये जेवून आले. "आमटी पातळ हाय," म्हणाले, "पण जा."

जाताना चाचींनी मला निळा कुर्ता शिवला. घालून बघताना मी विचारलं, "चाची, तुम्हाला काय शिकायचं होतं?" त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या. नुसतं "हं हं" करून त्यांनी मला हात वर करायची खूण केली. पुढं किती वेळा भेटलो, टाचण्या नसतानाही भेटलो, पण मी पुन्हा विचारलं नाही. आता तो प्रश्न डोक्यातून जात नाही. जुन्नरची ती सातवीतली मुलगी काय म्हणाली असती? डॉक्टर? की नुसतंच, कुठंतरी लांब?

पेठची मुलगी रविवारी यायची आहे. तिनंही फोनवर एसटीचीच कॉलेजं सांगितली. काल मी तो निळा कुर्ता बाहेर काढला. अंगात घट्ट होतो. बाजूची शिवण उसवली, तर आत चांगली दोन बोटं माया निघाली. बाहेरचा निळा पार विटलाय, आतला अजून नवाकोरा... मी किती वाढेन असं चाचींनी धरलं होतं, कोण जाणे. पार कडेनं नवी शिवण घातली. रविवारी तोच घालून बसणार आहे.