सायकलवरचा बगळा

सायकल विकायला न्यायची, त्याच्या आदल्या दिवशी मी ती घासली. हँडल आणि घंटी चिंचेने, बाकीच्या नळ्या राख आणि सोड्याने. शेजारी लग्नाला हंडा द्यायचा असला तरी मी घासल्याशिवाय देत नसे. तसंच हे. पुढची उभी नळी काथ्याने घासताना बोटांना पांढरं लागलं. बघते तर बगळ्याची मान गेलेली.

बगळा म्हणजे कंपनीचं चित्र. नळीवर चिकटवलेलं, दोन बोटांएवढं. ह्यांनी ही सायकल सिंधी निर्वासितांच्या कॅम्पातल्या जुन्या बाजारातून आणली तेव्हा नुसता गंजलेला सांगाडा होता. हँडल एकीकडचं, चाकं दुसरीकडची. काडेपेटीच्या कारखान्यातून सुट्टी मिळाली की हे अंगणात बसून कानशीने गंज काढत. वर्षभर ते काम चाललं. काळा रंग देताना त्यांनी बगळ्यावर कागद लावून तेवढी जागा राखली होती. वर सोनेरी रेघा ओढल्या. मला म्हणाले होते, "ह्याला कोरडं फडकं लावायचं. तुझी राख नको."

ते मी विसरले नव्हते. हात चालू लागला की माझं डोकं थांबतं, एवढंच. राहिलेला बगळा जपायला गेले, ओल्या फडक्याने पुसला, तर तोही आला. रेघांचंही तेच झालं.

हे विषमज्वराने गेले त्याला तेव्हा सहा महिने झाले होते. चामटोलीहून दीर न्यायला आले होते. वाईट नव्हते ते. पण चामटोलीला गेले असते तर जावेच्या चुलीशी माझी जागा कायमची ठरली असती. अंबरनाथची आमची खोली सुटली असती. कारखान्यातल्या एका साहेबांची बदली झाली होती. त्यांच्या बाई आपलं हाताने चालवायचं शिवणयंत्र मला साठ रुपयांत द्यायला तयार होत्या, शनिवारपर्यंत थांबते म्हणाल्या होत्या. दीर म्हणाले, "सायकलचे साठ आले तर ऱ्हावा हितंच, कापडं शिवा. नाय आले तर बोचकं बांधायचं. कबूल?" मी मान हलवली. माझ्याजवळ विकण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी आम्ही पायीच एक नंबरच्या कॅम्पाला निघालो. दीर हँडल धरून पुढे, मी मागे कॅरिअरला हात लावून. सायकलला मी घरात असंच धरायची, झाडताना सरकवायला. बसले कधीच नाही.

दुकानदार म्हातारा सिंधी होता. बराकीच्या ओसरीवर त्याचं दुकान. त्याने चाक उचलून फिरवलं, कान लावून ऐकलं, ब्रेक दाबले. मग पुढच्या नळीवर अंगठा फिरवला.

"कंपनी कौनसी? निशानी किधर है?"

"निशानी व्हती," दीर म्हणाले. "पुसली."

"किसने पुसली?"

दिरांनी माझ्याकडे पाहिलं. म्हातारा हसला. "बाई, ये सायकल है के हंडा?" शेजारचा पानवालाही हसला. मी पदर पुढे ओढला. मग तो हसायचा थांबला आणि दिरांना म्हणाला, "भाऊ, नवा रंग, निशानी गायब. चोरी का माल ऐसेही आता है. तीस देतो. कागद आहे?"

पावती नव्हती. भंगाराची पावती कोण देतो? नगरपालिकेचा सायकल-कराचा बिल्ला होता, तोही मागच्या सालचा.

"तीस तर तीस," दीर म्हणाले. "चला वैनी, उनं चढायच्या आत."

सायकलला नंबर होता. सीटच्या खाली, सांध्यावर ठोकलेला, आता रंगाखाली दबलेला. तो मला पाठ होता. ह्यांनीच करून घेतला होता. "सायकल हरवली आणि मी कामावर असलो तर चौकीवर तू जाणार."

"मी? मी वाण्याकडे मीठ मागायला लाजते."

"म्हणून तर पाठ कर."

शाळेत चौथीपर्यंत इंग्रजी नव्हतं. मला आलेलं पहिलं इंग्रजी अक्षर त्या नंबरातलं.

दीर पैशांसाठी हात पुढे करत होते. मी जमिनीकडे बघत म्हणाले, "के. चार, सात, शून्य, दोन, एक." आवाज इतका बारीक निघाला की मला पुन्हा म्हणावं लागलं. "सीटच्या खाली. खरवडून बघा."

म्हाताऱ्याने पेचकस घेतला. रंगाचा पापुद्रा निघाला, तसा आधी के दिसला, मग चार. तो प्रत्येक आकड्याला माझ्याकडे बघत होता. सगळे जुळले तेव्हा पेचकस खाली ठेवला.

"माल आपका है," तो म्हणाला. "नंबर से कंपनी भी समझी. सस्ती सायकल, गरीब आदमी की. नवी असताना पण सस्तीच." मग खाली वाकून पॅडलजवळचा सांधा बघितला, तिथे ह्यांनी पितळेचा टाका मारला होता. त्यावरून अंगठा फिरवत म्हणाला, "पर काम अच्छा है. किसने किया?"

दीर म्हणाले, "भावानं."

"उसको बोलो, मेरे पास काम है."

दिरांनी मान खाली घातली. म्हाताऱ्याने माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं आणि गल्ला उघडला. त्याने साठ दिले. त्यात सायकलचे किती आणि त्या पाहण्याचे किती, मला आजही माहीत नाही.

येताना दीर पुढे चालत होते. माझ्या उजव्या हाताला काय करावं कळेना. शेवटी मी पदराचं टोक धरलं.

शनिवारी यंत्र आलं. दीर चामटोलीला गेले. खोलीत उजेडाची जागा खिडकीखालचीच, जिथे सायकल उभी असायची. तिथे फरशीवर तेलाचा डाग आहे. यंत्र मी त्याच्यापासून वीतभर बाजूला ठेवलं. तिथे उजेड कमी पडतो. बाकीची फरशी मी रोज घासते.