गानिशचा अंगठा

गानिश माणूस म्हणून कसा होता विचाराल, तर खवीस. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, म्हणोत बापडे. तीन वर्षं मी त्याच्या हाताखाली मेंढरं राखली, पण एकदा म्हणून त्यानं मला मात्तिन अशी हाक मारली नाही. दगड्या, गाढवा, नाहीतर नुसतंच "ए". मी काही पोर नव्हतो, सव्वीस वर्षांचा बाप्या होतो.

पण अमेरिकेतल्या नेवाडाच्या त्या डोंगरांत, स्पेनकडून आलेल्या आम्हां बास्क मेंढपाळांमध्ये त्याच्याएवढा जाणता दुसरा नव्हता. कारण त्याला त्या दोघी कळायच्या.

दोघी म्हणजे रानलिलीच्या दोन जाती. दोन्ही विषारी. आम्ही त्यांना राखाडी आणि चिकणी म्हणायचो. फुलल्यावर कुणीही ओळखेल: राखाडीची फुलं मोठी, पाकळीवर हिरवा डाग, चिकणीची बारीक, दाटीवाटीनं लगडलेली. पण बर्फ नुकतं वितळतंय तेव्हा फूल कुठून आणणार? नुसती पाती, गवताच्याही आधी वर आलेली, आणि मेंढरं भुकेनं वेडी झालेली. राखाडी खाल्ली तर मेंढरू लाळ गाळतं, झिंगतं, दुसऱ्या दिवशी उठतं; उपाशी मरण्यापेक्षा ते परवडायचं. चिकणी खाल्ली तर संध्याकाळी कातडं सोलायला बसायचं. गानिश पान अंगठ्यानं चोळायचा. राखेसारखा थर निघाला की राखाडी. काहीच निघालं नाही, पान तेलकट चकाकलं, की चिकणी.

हे त्यानं मला कसं शिकवलं ऐका. पहिल्या वसंतात मी चुकलो. त्यानं चिकणीचं पान माझ्या तोंडात कोंबलं. "चाव! डोक्याला कळत नाही तर जिभेला कळू दे." जीभ बधिर झाली, दिवसभर ओकलो, आणि बाकीचे गडी पोट धरधरून हसले. त्याच वर्षी हिवाळ्यात आई गेल्याचं पत्र आलं. मी रडत होतो, तर यानं माझ्या हातातला पाव काढून कुत्र्यापुढे टाकला. म्हणाला, "तुला भूक नसेल आज." ते मी विसरलो नाही. विसरणार कसा?

त्याला स्वतःला एकच ध्यास होता, घरी जायचं. मुलगी दोन वर्षांची असताना तो निघाला होता, आता तिचं लग्न ठरलं होतं. मालक एर्रामुन पगारात मेंढ्या द्यायचा. गानिशच्या चाळीस झाल्या होत्या, प्रत्येकीच्या कानाला त्याच्या खुणेचा दुहेरी काप. शरदात त्या विकायच्या आणि बोट पकडायची. मुलीचं पत्र खिशात ठेवून ठेवून त्याच्या घड्या फाटल्या होत्या.

तिसऱ्या वसंतात मला एक गोष्ट कळली. शंभर मेंढरांमागे आम्ही एक काळी ठेवतो, मोजदादीला सोपं पडतं. गानिश रोज दरडावायचा, "ए, काळ्या किती दिसतात? सांग, परीक्षा आहे." एक दिवस मी म्हटलं, "अकरा."

"बारावी कुठे मेली, गाढवा? शोध!"

बारावी त्याच्या पायाशी उभी होती. त्याच्याच बुटाचा वास घेत होती.

अच्छा! म्हणजे परीक्षा वगैरे काही नाही. म्हातारा आंधळा झाला होता, आणि माझ्या डोळ्यांवर जाणतेपणा मिरवत होता. वर मलाच शिव्या! ठेवून दिलं मनात.

आठवड्यानं आम्ही वरच्या कुरणाशी पोचलो. मालक आला होता. चारीकडे पाती तरारलेली, मेंढरं आवरत नव्हती. "गानिश, काय म्हणतोस? सोडायची?"

गानिशनं पान खुडलं, चोळलं, बराच वेळ चोळलं. मालक मेंढरं आवरायला वळला, तेव्हा हळूच माझ्याकडे तोंड केलं. "ए, सांग बरं, काय दिसतंय? बघू तीन वर्षांत काय शिकलास."

पान आरशासारखं चकाकत होतं.

"राख आहे, काका," मी म्हटलं. "चांगली जाड."

त्यानं पान पुन्हा एकदा चोळलं. आमच्यात रीत अशी, की जो रान चांगलं म्हणेल त्याची मेंढरं आधी उतरायची. मला ती माहीत होती. माहीत होती म्हणूनच बोललो, उगाच आव कशाला आणू?

"राखाडी आहे, मालक," गानिश म्हणाला. "माझी सोडतो."

दुहेरी कापाच्या चाळीस मेंढ्या खाली उतरल्या आणि अधाशासारख्या तुटून पडल्या. दुपार कलताना पहिलीच्या तोंडाला फेस आला. मग दुसरी लटपटली. मालकानं कुत्री सोडली, त्यांना बाहेर हाकायला.

"हाकू नका!" गानिश ओरडला. "धावली की मरतील! कुत्री मागे बोलवा!" त्याला दिसत नव्हतं, नुसत्या धापा ऐकू येत होत्या. कुणी ऐकलं नाही. तो धडपडत आत गेला, पडला, रांगत सुटला. हाताला लागेल त्या मेंढीचा कान चाचपायचा, दुहेरी काप लागला की "हीसुद्धा" म्हणायचा आणि पुढे सरकायचा. एकही वाचली नाही.

मालक त्याच्यासमोर उभा राहिला. "उद्यापासून भांडी घास. कळप मात्तिन बघेल."

गानिशनं मान हलवली. माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर आंधळा झालोय हे कबूल करावं लागलं असतं, असं मला वाटलं, आणि मी मनातल्या मनात हसलो.

संध्याकाळी मी कातडी सोलत होतो. तो चाचपडत आला, शेजारी बसला.

"पान कसलं होतं?"

"चकाकणारं," मी म्हटलं. लपवायचं काय आता?

"वाटलंच." त्यानं अंगठा तर्जनीवर घासला. "अंगठा सांगत होता, चिकणी आहे. पण म्हटलं, अंगठा म्हातारा झाला. मात्तिनचे डोळे चांगले आहेत."

तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यानं माझं नाव घेतलं. मी सुरी पुसली आणि पुढचं मेंढरू ओढलं.