डिंभ्याची गाडी आणि इंडस्ट्री

आमच्या शेजारच्या अण्णांची रोजची रीत ठरलेली: डाव्या कानावर तळहात दाबायचा, डोळे बारीक करायचे आणि दुधाच्या रांगेकडे बघून म्हणायचे, "इंडस्ट्री हादरली, राव!"

आमच्या डेअरीवर सकाळी दूध घालायला येणारी माणसे या बातमीने कधी हादरली नाहीत. त्यांना आपल्या दुधाला फॅट किती लागली याची काळजी. अण्णांना ती काळजी नव्हती, कारण त्यांच्याकडे ना गाय होती ना म्हैस. बाकीचे दूध घालायला येत, अण्णा बातमी घालायला येत.

असा एकजण तुमच्याही गावात असेल. बहुतेक ठिकाणी त्याचा विषय राजकारण असतो. आमच्या अण्णांचा विषय गाण्याचा धंदा. कोणत्या गायकाने कंपनी सोडली, कोणाचे गाणे कोणी ढापले, कोणी घरच्या घरी गाणे काढून नेटवर टाकले, हे सगळे त्यांना घोडेगाव-डिंभे रस्त्यावरच्या आमच्या गावात बसून माहीत असे. निदान ते तसे सांगत. मी डेअरीचे हिशेब लिहितो. आधार नसलेल्या गोष्टीपुढे प्रश्नचिन्ह काढायची मला सवय आहे आणि अण्णांच्या बहुतेक बातम्यांपुढे मी ते मनातल्या मनात काढून ठेवलेले आहे.

त्यांचा स्वतःचा व्यवसाय लाउडस्पीकरचा. लग्न, बारसे, जत्रा, दहावा, कशालाही त्यांचा टेंपो हजर. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत, त्यामुळे त्यांचे "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" मी इतक्या वेळा ऐकले आहे की आकडा विचारू नका.

एकदा ते म्हणाले, "भाऊसाहेब, उभा जलम लोकांची गाणी लोकांना ऐकवली. माजा आवाज म्हंजी निस्ता हॅलो, हॅलो. त्येच्या फुडं कुणी ऐकलाच न्हाई."

म्हणाले ते हसतच. पण त्या दिवशी त्यांनी कानावर हात ठेवला नव्हता.

त्यानंतर लवकरच त्यांनी दुधाच्या रांगेपुढे जाहीर केले की आपण आता इंडिपेंडंट आर्टिस्ट झालो आहोत.

"म्हंजी काय वो, अण्णा?" रांगेतून कोणीतरी विचारले.

"म्हंजी ज्याला कुणी इचारत न्हाई, त्यो," अण्णा म्हणाले. "पर सोताच्या खुशीनं."

गाणे त्यांनीच लिहिले, त्यांनीच चाल लावली. आमच्याकडे डिंभ्याची एसटी कधी येईल ते एसटीलाही ठाऊक नसते. गाणे त्यावर होते:

*डिंभ्याची गाडी, काय तिची खोडी,*
*वाट बघून बघून पिकली माझी दाढी!*

मला त्यात आक्षेप घेण्यासारखे काही सापडले नाही. गाडीची माहिती बरोबर होती.

इंडिपेंडंट माणसाचे स्वतःचे 'लेबल' असते असे अण्णांनी कुठेतरी वाचले. ते मंचरला गेले आणि लोणच्याच्या बरणीवर चिकटवतात तसली लेबले छापून घेऊन आले, वर स्वतःचा हसरा फोटो. गाणे फोनमध्ये, त्याला लेबल चिकटवायचे कुठे? मग ती स्पीकरला लागली, टेंपोला लागली, उरली ती अण्णांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, डब्यांना. साखरेच्या डब्यावर अण्णा हसत आणि मिठाच्या डब्यावरही अण्णाच हसत. त्यांच्याकडचा चहा मी त्या काळात आधी हुंगून मग पीत असे.

गाण्याचे रेकॉर्डिंग घराच्या ओट्यावर झाले. फोन पाण्याच्या पिंपावर उभा केला, पुढे पेटी घेऊन अण्णा. दुसऱ्या कडव्याच्या ऐन रंगात आतून वहिनींचा आवाज आला, "अवो, दळान गिरणीतच ऱ्हायलं!" अण्णा थांबले नाहीत. पुन्हा रेकॉर्ड करा, असे मी सुचवले, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, भाऊसाहेब. नॅचरल वाटतंय."

गाणे नेटवरच्या त्यांच्या चॅनेलवर चढले. किती जणांनी पाहिले ते सांगत नाही. त्यांतले निम्मे स्वतः अण्णाच असावेत, आणि 'असावेत' या शब्दावर मी आकडा लिहीत नाही. पण घोडेगावच्या स्टँडवर कॉलेजच्या मुली गाडीची वाट बघत ते म्हणताना मी माझ्या कानांनी ऐकल्या आहेत.

मग व्हिडिओ वहिनींनी पाहिला. अण्णांच्या मागे दोरीवर धुणे वाळत होते.

"माजं परकर साऱ्या दुनियेला दावताय व्हय?" त्या म्हणाल्या, आणि भिंतीपलीकडे मला अर्धा चहा टाकून उठावेसे वाटले.

अण्णांनी व्हिडिओ तिथल्या तिथे काढला. सोबत फोनमधूनही पुसला, कारण वहिनी समोर उभ्या होत्या. गाणे तेवढे एका पेनड्राइव्हवर राहिले. दोनेक महिन्यांनी, राग निवळल्यावर, त्यांनी धुण्याऐवजी डिंभे धरणाचा फोटो लावून तेच गाणे पुन्हा चढवले. हा मधला काळ लक्षात ठेवा. तो नडला.

चढवून झाल्यावर, या खेपेला तरी विघ्न नको म्हणून, ते पेनड्राइव्ह घेऊन ओझरला गेले आणि तो विघ्नहराच्या पायाशी ठेवला. फुले वाहिली, हळदकुंकू वाहिले, नारळ फोडून पाणीही शिंपडले. घरी आल्यावर पेनड्राइव्ह उघडेना. आत कुंकवाचा लगदा झाला होता. "आता ह्यो देव्हाऱ्यात," अण्णा म्हणाले, आणि अजूनही तो तिथेच आहे.

एका सकाळी अण्णा डेअरीवर जवळजवळ पळतच आले. "इंडस्ट्री बंद! संप झालाय! मला सोताला मेसेज आलाय!"

"कुणाचा संप?"

"समद्यांचा. स्ट्राइक म्हनून लिवलंय. आपला पाठिंबा हाय."

आमच्याकडे दुधाचे संप झालेले आहेत. संप म्हटला की दोन दिवस कळ काढायची आणि फुटायचे नाही, एवढे सगळ्यांना समजते. रांगेतल्या दोघातिघांनी अण्णांची पाठ थोपटली.

अडचण एवढीच, की त्याच दिवशी गावात लग्न होते आणि लाउडस्पीकर अण्णांचा होता. अण्णांनी मांडवात स्पीकर लावले, वायरी जोडल्या आणि बटण दाबायला नकार दिला. नवरीचा मामा हातापाया पडला.

"अवो, मंगलाष्टका तरी हुंद्या!"

"संप म्हंजी संप. उद्या म्हनाल, नुसतं सावधान तेवढं वाजवा!"

मंगलाष्टके बिनमाइकची झाली. पुढच्या चार ओळींना भटजी ऐकू येत होते. मागच्यांना काही कळेना. कोणी उगीच हात वर केला की त्या बाजूने अक्षता उडत. शेवटचे 'सावधान' आले तेव्हा कोणाच्याही मुठीत दाणा उरला नव्हता आणि अर्धा मांडव जेवायला बसला होता.

संध्याकाळी मी म्हटले, अण्णा, तो मेसेज मला दाखवा.

मेसेज इंग्रजीत होता. मी दोनदा वाचला. संप कुठेच नव्हता. दूरच्या शहरातल्या कुठल्याशा गाण्याच्या कंपनीने तक्रार केली होती की अण्णांनी त्यांचे गाणे चोरले. म्हणून गाणे काढून टाकले होते आणि चॅनेलला एक 'स्ट्राइक' दिला होता. स्ट्राइक म्हणजे ठपका. असे आणखी दोन झाले की चॅनेल कायमचा बंद. म्हणणे मांडायचे असेल तर पुराव्यासह मांडा.

मी हे सगळे सावकाश सांगितले. अण्णा ओट्याच्या पायरीवर बसले.

"म्हंजी माजं गाणं माजं न्हाई?"

माझ्याकडे तारखा होत्या आणि त्या वाईट होत्या. कंपनीने त्यांचे गाणे चढवले होते ते नेमके अण्णांचे गाणे काढलेले असताना. पहिला व्हिडिओ अण्णांनीच पुसलेला. मूळ प्रत कुंकवात. तारखांच्या हिशेबाने चोर आम्हीच होतो.

"त्यांचं तरी ऐकू," मी म्हटले.

आम्ही फोन मध्ये ठेवून ऐकले. अण्णांचाच आवाज, पण पाताळातून काढल्यासारखा. खाली सारखा धडाम धडाम. डिंभ्याची गाडी अशी धावत होती की खरी कधी धावली नसेल. आणि दुसऱ्या कडव्याच्या ऐन रंगात, ठेक्यावर, "द-द-द-दळान! द-द-दळान! दळान गिरणीतच ऱ्हायलं! ऱ्हायलं! ऱ्हायलं!"

अण्णा ताडकन उठले. "अगं ए! भायेर ये! तुला चोरलंय!"

वहिनी पदराला हात पुसत आल्या. पूर्ण ऐकले. मग म्हणाल्या, "बरं केलंय की. तुमच्यापेक्षा माजं जास्ती घेतलंय."

पुरावा हाच द्यायचा ठरला. त्याच ओट्यावर त्याच पेटीवर अण्णा गातील, आतून वहिनी तेच ओरडतील, दोन्ही आवाज पडताळून पाहा, असे लिहायचे. पण वहिनींना सांगून ओरडता येईना. फोन पुढे धरला की त्या पाहुण्यांना चहा विचारावा तशा म्हणत, "अवो, दळण गिरणीतच राहिलं हं." दळणच्या जागी दळान येईना आणि राग तर मुळीच येईना.

"जरा चिड की!" अण्णा काकुळतीने म्हणाले.

"कशाला चिडू? दळान आणलंय तुमी कालच."

तेव्हा माझ्या लक्षात आले की पुरावा खरा हवा असेल तर पीठही खरेच संपायला हवे. मी अण्णांना तसे सांगितले. अण्णांनी दळण गिरणीत टाकले आणि आणायला गेलेच नाहीत. त्यांनी पेटी काढली, फोन पिंपावर ठेवला आणि गात बसले. पहिल्या दिवशी वहिनींनी भात टाकला. दुसऱ्या दिवशी भाकरीला पीठ नाही असे पाहून त्यांनी जो आवाज दिला तो माझ्या घरात भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत पोहोचला. अण्णा गाता गाता रडत होते की हसत होते, ते व्हिडिओत नीट दिसत नाही.

पत्र मी लिहिले, साधे, चार ओळींचे. 'या बाई गीतकाराच्या पत्नी आहेत. तुमच्या गाण्यात त्या कशा आल्या याचा कंपनीने खुलासा करावा.'

खुलासा आला नाही. काही दिवसांनी कंपनीने मुकाट्याने तक्रार मागे घेतली, ठपका निघाला, धरणाच्या फोटोसकट गाणे परत दिसू लागले. खाली अण्णांचे नाव. ते नाव त्यांनी मला मोठे करून दाखवले, वहिनींना दाखवले आणि नंतर संपूर्ण रांगेला दाखवले. त्या दिवशी दूध उशिरा गेले.

अण्णा आता गावात नसतात. मुलाकडे चाकणला असतात, आणि त्या सोसायटीत स्पीकर लावायला परवानगी नाही. भिंतीपलीकडे शांत असते. हिशेब लवकर जुळतात, त्याचे मला विशेष काही वाटत नाही.

जाण्याआधीचे त्यांचे शेवटचे काम घाटघरला होते, नाणेघाटाच्या अंगाला. एका लग्नाची हळद. मी सुट्टी काढून त्यांच्या टेंपोत बसून गेलो. वीज गेलेली होती, त्यामुळे स्पीकर मुके आणि आम्ही दोघे चुलीच्या धुरात रिकामे बसलेलो. अंगणात बायका नवरीला हळद लावत होत्या. त्यांतल्या एका म्हाताऱ्या आजींनी गाणे धरले आणि बाकीच्यांनी ते उचलले:

*घाटघरची गाडी, काय तिची खोडी,*
*वाट बघून बघून इरली माझी साडी!*

अण्णांनी माझा दंड धरला. चाल त्यांचीच होती, एक सूर इकडेतिकडे नव्हता. आणि पुढे त्यांच्याकडे नसलेले कडवे होते:

*आली आली म्हणता गेली वळणाला,*
*सासू म्हणं चालत जा गं माहेरपणाला!*

गाणे संपले. अण्णा उठून आजींपाशी गेले. मी मागोमाग.

"आजी, हे गाणं कुणी केलंय?"

"कुणी कशाला करतंय?" आजी म्हणाल्या. "जुनं हाय आमच्याकडलं. माजी आय म्हनायची."

हे साफ चूक होते. गाणे कधी झाले ते मला महिन्यासकट ठाऊक होते, नेटवर त्याखाली नाव होते, पुरावा मी स्वतः लिहून पाठवला होता. मी तोंड उघडले. अण्णांनी माझ्या पायावर पाय दिला, आणि चांगला जोरात दिला.

मग ते आजींसमोर जमिनीवर मांडी घालून बसले. त्यांचा चेहरा मी माइक लागलेल्या कुठल्याही मांडवात तसा पाहिला नव्हता.

"मला ते फुडचं शिकवा," ते म्हणाले.

आजींनी एक ओळ म्हटली. अण्णांनी ती मागून म्हटली, पण घाईत 'माहेराला' म्हणाले आणि दोन मात्रा कमी पडल्या. आजींनी हळदीचा हात वर करून त्यांना थांबवले.

"माहेरपणाला म्हना, पावणं. गाणं बिघडवू नगा."