कापसाचा बोळा

माझं शरीर स्वतःच्याच नसांवर उठतं. मेंदूत सूज येते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पूर्वी पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासलं होतं. आता आजार पुन्हा डोकं वर काढतोय का, याचा अंदाज डॉक्टर रक्तावरूनही घेतात.

परवा रक्त काढून झाल्यावर लॅबमधली मुलगी म्हणाली, "बोळा घट्ट दाबून धरा हं." मी दाबला, पण माझ्या उजव्या हाताची बोटं बधिर आहेत, दाब पडतोय की नाही ते कळत नाही. रक्त मनगटापर्यंत ओघळलं. शेजारी बसलेल्या अनोळखी बाई म्हणाल्या, "अहो, द्या इकडे, मी धरते." माझा हात मांडीवर घेऊन त्या बसून राहिल्या.

घरी मी एकटीच असते. डॉक्टर सोडले तर मला कुणाचा हात लागून किती महिने झाले, आठवेना. नळीतलं रक्त मेंदूतली सूज सांगेल. हे कोणत्या तपासणीत येणार?

रक्त केव्हाच थांबलं होतं. मी हात तसाच राहू दिला.

मग त्यांचं नाव पुकारलं. त्यांनी माझा हात अलगद उचलून माझ्या मांडीवर ठेवला आणि त्या आत गेल्या.