आधी वाचून दाखवा

भुकूमला रस्त्याच्या आतल्या अंगाला धोंडाबाईंच्या चार खोल्या आहेत. चारही भाडेकऱ्यांना बाईंचा एक नेम पाठ आहे. कागद विजेच्या बिलाचा असो की भाडेकराराचा, तो दोनदा मोठ्यांदा वाचून दाखवल्याशिवाय त्या सही करीत नाहीत. वाचता येत नाही याची त्यांना लाज नाही. तीस वर्षांपूर्वी त्यांचे यजमान भिकू यांनी ओढ्याकाठच्या शेतातून वाट द्यायची म्हणून एका कागदावर अंगठा उठवला. पुढे कळलं, वाट नव्हे, सगळं शेतच गेलं होतं. तेव्हापासून हा नेम. सही त्या नंतर बचत गटात शिकल्या.

शेवटच्या खोलीत गौतमी राहते. वाशीमकडची पोर, उरवड्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. मार्चमधल्या एका सकाळी धोंडाबाईंचा पुतण्या दयानंद जीप काढत होता आणि गौतमीची स्कूटी आडवी होती. ती किल्ली आणायला वळली, तेवढाही दम त्याला निघाला नाही. शब्दाला शब्द लागला, आणि त्याने तिचा उजवा हात असा पिरगाळला की मनगट मोडलं. धोंडाबाई अंगणात गहू निवडत होत्या. त्यांनी सगळं पाहिलं.

दुपारी गौतमी प्लास्टर घालून आली, तेव्हा दयानंदचे वडील कुशाबा साडी-नारळ घेऊन ओट्यावर बसले होते. कुशाबा म्हणजे धोंडाबाईंचे धाकटे दीर. बाईमाणसाच्या बाबतीत काही वावगं घडलं की त्यांच्या भावकीत हे असंच मिटवतात. साडी चांगली होती, काठापदराची.

“वैनी, पोरीची ओटी भरा आन मिटवून टाका. घरातलीच गोष्ट हाय.”

“ती कवा आपल्या घरातली झाली?”

“भाडेकरूच हाय की. आज हितं, उद्या दुसरीकडं.”

“मंग दुसरीकडं कुठल्या हातानं काम करंल, भावजी? ही साडी नेसायला बी दोन हात लागत्यात.”

कुशाबांनी नारळ पिशवीत टाकला. “म्हंजे भाडेकरू जवळची, आन आमी परके.”

हे मात्र बाईंना लागलं. कुशाबा साडीही उचलून निघून गेले.

“मावशी, माझ्यामुळं तुमच्यात वाकडं नको,” गौतमी दारातूनच म्हणाली. “फक्त मी पडले असं कुणी म्हणू नये. कारखान्यात उद्या मला तेच विचारतील.”

गेल्या महिन्यात गटाच्या बैठकीला तालुक्याच्या विधी सेवा समितीकडून मेधा नावाच्या वकीलबाई आल्या होत्या. बाईंनी त्यांचा नंबर ठेवला होता. त्यांनी फोन स्पीकरवर लावला, तेव्हा मेधाताईंनी सरळ सांगितलं, “मिटवायचं की नाही, ते गौतमीनं ठरवायचं, भावकीनं नाही. तक्रार दिली तर लिहिलेलं तिला वाचून दाखवावं लागतं आणि त्याची प्रत फुकट द्यावी लागते. वकील लागला तर समिती देईल, बाईमाणसाला त्याचे पैसे पडत नाहीत.”

“ऐकलंस? तुझं तू ठरीव,” धोंडाबाई म्हणाल्या. “जायचं ठरलं तर म्या संगं हाय.”

“जायचं,” गौतमी म्हणाली.

चौकीत हवालदारांनी भराभर लिहून घेतलं आणि प्लास्टरकडे बघून शाईचा पॅड पुढे सरकवला. “सही जमायची नाही तुम्हाला. डाव्या हाताचा अंगठा द्या.”

गौतमीचा अंगठा शाईला लागणार, तोच धोंडाबाईंनी तो धरला. “आधी वाचून दाखवा.”

“मावशी, सांगितलं तेच लिहिलंय,” हवालदार म्हणाले.

“लिवलं असंल की. आमाला ऐकू तर द्या.”

हवालदारांनी वाचलं. गाडी काढण्यावरून बाचाबाची झाली आणि तोल जाऊन मी पडले, असं त्यात होतं.

“मी पडले नाही,” गौतमी म्हणाली. “त्यांनी हात पिरगाळला.”

“अहो, अर्थ एकच झाला.”

“येकच हाय तर मंग तिचाच शब्द लिवा,” धोंडाबाई म्हणाल्या.

हवालदारांनी सुस्कारा टाकून नवा कागद घेतला. तोही बाईंनी दोनदा ऐकला. गौतमीने अंगठा दिलाच नाही. डाव्या हाताने वाकडीतिकडी का होईना, सही केली आणि प्रत घेऊनच दोघी बाहेर पडल्या.

चार दिवसांनी एक महिला पोलीस घरी आल्या. साक्षीदार बाई असली की जबाबासाठी तिला चौकीत बोलावता येत नाही, पोलिसांनाच दारी यावं लागतं. पलीकडच्या ओट्यावर कुशाबा पाठ करून बसले होते, पण कान इकडेच होते. धोंडाबाईंनी पाहिलं ते सांगितलं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. मग जबाब वाचून झाला.

“येक ऱ्हायलं,” त्या म्हणाल्या. “नुसतं पुतण्या लिवलंय. त्याला म्या अंगाखांद्यावर खेळवलाय, ते बी लिवा.”

“त्याची गरज नाही, आजी.”

“हाय. कोर्टाला कळाया पायजे, म्या वैरानं बोलत न्हाई.”

पोलीसबाईंनी ते लिहिलं. पलीकडच्या ओट्यावर कुशाबांनी मान वळवली.

“आता पुन्यांदा वाचा,” धोंडाबाई म्हणाल्या, आणि या जबाबावर सही लागत नसली तरी कान देऊन ऐकत बसल्या.