पाहुणे गेल्यावर काढणे

संशोधन करणाऱ्या माणसांना अक्कल असते हा गैरसमज ज्याने पहिल्यांदा पसरवला, त्याला आठवडाभर हवालदाराच्या तळघरात बसवायला हवं होतं. हवालदार म्हणजे पोलिसातला नव्हे. संस्थेच्या तळघरात आठ कपाटांएवढा मोठा संगणक होता. त्याच्यावर शास्त्रज्ञांना लागणारी सॉफ्टवेअरं बांधून ठेवायची, हे हवालदाराचं काम. सत्तावीस वर्षं तो तेच करत होता. येईल त्याला दारातच अडवून आधी अर्ज, मग नोंद, मग कारण मागायचा, म्हणून पोरांनी त्याचं हे नाव पाडलं होतं. त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

त्याच्या ताब्यात लायब्रऱ्या होत्या. पुस्तकांच्या नव्हेत. आकडेमोडीची नेहमीची कामं प्रत्येकाने नव्याने लिहीत बसू नये, म्हणून एकदाच नीट लिहून, बांधून, सगळ्यांसाठी ठेवलेले प्रोग्राम म्हणजे लायब्ररी. बांधतो कंपायलर, माणसाने लिहिलेलं तो यंत्राला कळेल असं करून देतो. त्याला बांधताना ज्या सूचना द्यायच्या त्या फ्लॅग. अमुक प्रोसेसरसाठी बांध, जपून बांध, वेगाने चालेल असं बांध. विषय एवढाच. पण एवढंही डॉक्टरेटवाल्यांच्या टाळक्यात शिरत नव्हतं.

त्यांची पद्धत ठरलेली. गटातल्या जुन्या विद्यार्थ्याकडून नव्याकडे फ्लॅगची एक फाईल यायची. त्याच्याकडे ती त्याच्या आधीच्याकडून आलेली असायची. फाईल मुळात कोणी लिहिली, हे विचारायची प्रथा नव्हती. हवालदार त्या फाईलीला 'खापरपणजोबा' म्हणायचा. तिच्यात भंगारात गेलेल्या प्रोसेसरचा एक फ्लॅग होता. एक ओळ तीनदा होती, एकदा सांगून कंपायलरला ऐकू येत नसावं. वेगाच्या पायऱ्या असतात तीन. हे विद्वान नववी मागायचे, आणि कंपायलर बिचारा गुपचूप तिसरी देऊन त्यांची समजूत काढायचा. एकाला त्याने विचारलं होतं की बाबा, ही ओळ कशासाठी आहे. तो म्हणाला, ठाऊक नाही, पण काढली तर भीती वाटते. या माणसाला पुढे सुवर्णपदक मिळालं.

सगळ्यात वाईट फ्लॅग म्हणजे 'फास्ट-मॅथ'. त्याचा अर्थ असा, की हिशेबाचे बारीकसारीक नियम पाळू नकोस पण लवकर आटप. खापरपणजोबात तो होताच. कोणाचंही उत्तर चुकलं की हवालदार आधी अर्जावर लाल शाईने लिहायचा, 'फास्ट-मॅथ काढा', आणि अर्ज परत करायचा. दहातले नऊ त्यानेच बरे व्हायचे. उरलेल्या दहाव्याची त्याला फारशी फिकीर नसायची.

बुरशीवाली ही दहावी निघाली.

वय एकतीस, डॉक्टरेटचं पाचवं वर्ष. साठवलेल्या लाकडात बुरशी कशी पसरते याचं गणित ती मांडत होती, म्हणून हे नाव. तेही हवालदारानेच ठेवलेलं. तिच्या स्वतःच्या लॅपटॉपवर उत्तर यायचं, की एका शेडमधली बुरशी दोन पावसाळ्यांत शेजारच्या शेडमध्ये पोचते. तोच प्रोग्राम मोठ्या संगणकावर सांगायचा, की कधीच पोचत नाही. तिच्या सरांनी दोन्ही तक्ते शेजारी ठेवून पाहिले आणि निष्कर्ष काढला, की लॅपटॉपवरचे आकडे पोरीने हाताने रचले. खुलासा करायला तिला समितीपुढे गुरुवारची तारीख मिळाली होती. खुलासा पटला नाही तर नोंदणी रद्द, म्हणजे पाच वर्षं पाण्यात.

ती पहिल्यांदा आली ती तारीख ठरायच्या बऱ्याच आधी. हवालदाराने तिची फाईल न उघडताच लाल शाई काढली. ती म्हणाली, माझ्या फाईलीत तो फ्लॅग नाहीच. तो म्हणाला, सगळे असंच म्हणतात. ती दुसऱ्यांदा आली तेव्हा एकही जास्तीचा फ्लॅग न लावता पुन्हा बांधून आली होती, आणि उत्तर तेच होतं. मग हवालदाराने तिच्या कंपायलरच्या आवृत्तीला नाक मुरडलं आणि सगळं मुळापासून बांधायला सांगितलं. त्यात तिचे आठ दिवस गेले. आवृत्तीचा याच्याशी काडीचा संबंध नव्हता. पण समोरच्याला काम लावून दिलं की आपण काही केल्यासारखं वाटतं, आणि हवालदाराला ते फार वाटायचं.

तिसऱ्यांदा ती एक कागद घेऊन आली. तिने तिच्या प्रोग्रामला जोडलेल्या लायब्रऱ्या एकेक करून काढून पाहिल्या होत्या. लहरींची आकडेमोड करणारी लायब्ररी काढली की उत्तर बरोबर येत होतं, जोडली की चुकत होतं. गंमत म्हणजे त्या लायब्ररीतलं एकही काम तिच्या प्रोग्रामने मागितलेलं नव्हतं. पूर्वी कधी लागायची म्हणून ती नुसती जोडलेली राहिली होती.

"म्हणजे तुमच्या लायब्ररीतच काहीतरी आहे, सर," ती म्हणाली. "एकदा बांधणीची नोंद बघता का?"

हवालदार हसला. मोठ्याने नाही, नाकाने. त्याने कागद घडी घालून परत दिला. दुपारच्या चहाला त्याने शेजारच्या टेबलावरच्यांनाही तो किस्सा ऐकवला, की लायब्ररी वापरत नाही, नुसती जोडते, तरी म्हणे उत्तर बदलतं. उद्या म्हणेल शेजारच्या खोलीतल्या पंख्याने बदलतं. सगळे पोट धरून हसले. त्यांच्यातल्या एकालाही त्यात काय अशक्य आहे ते सांगता आलं नसतं.

मग सोमवारी तिच्या सरांची चिठ्ठी आली. मध्यवर्ती लायब्रऱ्या व्यवस्थित आहेत असा एका ओळीचा दाखला द्यावा, म्हणजे विद्यार्थिनीचा आक्षेप निकालात काढता येईल. हवालदाराने पेन उचललं. पण न तपासता सही करायची नाही, हा त्याचा नियम होता, आणि नियम मोडायला त्याचा जीव धजेना. लोकांवर लादायला केलेले नियम कधीकधी असे स्वतःलाच येऊन भिडतात.

त्याने दहा ओळींचा प्रोग्राम लिहिला. अगदी बारीक एक आकडा घ्यायचा, निम्मा करायचा, छापायचा. एकटा चालवला तेव्हा निम्मा आकडा छापला गेला. लहरींची लायब्ररी जोडून चालवला, तर शून्य.

त्याने पुन्हा चालवला. पुन्हा शून्य.

हवालदार उठला आणि कपाटातून जुन्या बांधणीच्या नोंदी काढल्या. वर्षावार, दोऱ्याने बांधलेल्या. त्या बाबतीत त्याला नावं ठेवायला जागा नव्हती. त्या लायब्ररीची नोंद अकरा वर्षांपूर्वीची निघाली. फ्लॅगच्या ओळीत, मधोमध, फास्ट-मॅथ. आणि समासात त्याच्याच अक्षरात, त्याच्याच लाल शाईत: 'तात्पुरते. पाहुणे गेल्यावर काढणे.'

त्याला सगळं आठवलं. संस्थेला बाहेरचे तपासनीस भेट देणार होते आणि संचालकांना त्यांच्यासमोर यंत्र पळवून दाखवायचं होतं. हवालदाराने फ्लॅग लावला, यंत्र पळालं, पाहुण्यांनी माना डोलावल्या, संचालकांनी पाठ थोपटली. पाहुणे गेले. फ्लॅग राहिला. पाठ थोपटून घेतलेला माणूस लगेच मागे वळून आवराआवर करत नाही, आणि हवालदार तर वर्षभर ती पाठ मिरवत होता.

या फ्लॅगची खोड अशी, की तो लायब्ररीपुरता राहत नाही. अशी लायब्ररी नुसती जोडली, तरी प्रोग्राम सुरू होताना ती प्रोसेसरला बजावते, की फार बारीक आकडा दिसला तर शून्य समज. मग सगळा प्रोग्राम, मग तो कोणाचाही असो, तसाच चालतो. पुष्कळांना त्याने फरक पडत नाही. पण बुरशी वाढते दुपटीने. दोन शेडच्या मधल्या जागेत ती नाममात्र पोचलेली असते, आणि तिथून दुप्पट होत होत पलीकडे उभी राहते. नाममात्रचं शून्य केलं, की शून्याची कितीही वेळा दुप्पट करा. म्हणजे पोरीने कागदावर जे लिहून आणलं होतं, ते शब्दन् शब्द खरं होतं.

मग हवालदाराने त्याच्यासारखा माणूस जे करतो ते केलं. फ्लॅग काढला आणि लायब्ररी पुन्हा बांधली. दहा मिनिटांचं काम. मग दाखल्यावर लिहिलं: 'मध्यवर्ती लायब्ररी आज तपासली. व्यवस्थित आहे.' खाली सही केली. एकही शब्द खोटा नव्हता. सत्तावीस वर्षं लोकांच्या आळसाला नावं ठेवणाऱ्या माणसाने इतकं सफाईदार काम क्वचितच केलं असेल. दाखला तिच्या सरांना गेला आणि प्रत रिवाजाप्रमाणे तिला.

घरी जेवताना त्याने बायकोला हकीकत सांगितली. अर्थात आपण चूक कशी शिताफीने शोधून काढली, या बाजूने. बायको औषधाच्या दुकानात होती. चिठ्ठीवरचं नाव आणि बाटलीवरचं नाव दोनदा ताडून पाहिल्याशिवाय ती गिऱ्हाइकाच्या हातात काही देत नसे. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मग त्या मुलीला सांगितलंत का?" तिने विचारलं.

तो म्हणाला, आता उत्तर बरोबर येईलच की तिचं.

"अहो, मी ते नाही विचारलं."

त्याने सांगतो म्हटलं. मंगळवारी सांगितलं नाही, कारण मंगळवारी एक बैठक होती. बुधवारीही सांगितलं नाही, आणि बुधवारी बैठक नव्हती. तो दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत फिरला. सत्तावीस वर्षं ज्या लोकांना आपण ढ समजलो, त्यांच्या समितीसमोर उभं राहून चूक माझी म्हणायचं, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. बायकोने पुन्हा विचारलं नाही. पण दोन्ही दिवस ती जेवणाच्या टेबलावर त्याच्याकडे नुसती बघत राहायची, आणि त्यापेक्षा तिने चार शब्द सुनावले असते तर बरं, असं त्याला वाटायचं.

गुरुवारी सकाळी मात्र तो नोंदवही काखेत मारून समितीच्या खोलीत शिरला. त्याने सगळं सांगितलं. फ्लॅग, पाहुणे, समासातली ओळ, सोमवारची दुरुस्ती, सगळं. काही वगळलं नाही. अकरा वर्षांत ती लायब्ररी जोडलेल्या दोनशे तीस कामांची यादीही त्याने पुढे ठेवली आणि म्हणाला, या सगळ्यांना मला कळवावं लागेल.

समितीतल्या तिघांपैकी दोघांना काही समजलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. बुरशीवालीचे सर चष्मा पुसत म्हणाले, म्हणजे तांत्रिक बिघाड होता तर, उत्तम झालं, विषय संपला. हवालदाराने विचारलं, ती कुठे आहे. तेव्हा त्याला कळलं, की तिने काल दुपारी स्वतःच अर्ज देऊन नाव काढून घेतलं. आजची बैठक नुसता कागद नोंदवायला होती.

ती वरच्या मजल्यावर तिच्या टेबलाशी होती. पुस्तकं एका खोक्यात आणि पेनं एका डब्यात भरत होती. हवालदाराने तिथेही सगळं पुन्हा सांगितलं. समितीने मान्य केलंय, अर्ज मागे घे, मी लिहून देतो, हवं तिथे सही करतो, असं म्हणाला.

तिने हातातलं काम थांबवलं नाही.

"मला मंगळवारीच कळलं होतं," ती म्हणाली. "सकाळी प्रोग्राम चालवला तर उत्तर बरोबर. मी कशालाही हात लावला नव्हता. म्हणून लायब्ररीची तारीख बघितली. सोमवार, दुपारी चार चाळीस. आणि तुमचा दाखला पोचला साडेपाचला."

हवालदार म्हणाला, मग हे समितीला का नाही दाखवलंस. एवढा पुरावा हातात होता.

"मंगळवार अख्खा वाट बघितली, तुम्ही येताय का. बुधवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत बघितली." तिने डब्याचं झाकण लावलं. "चूक कोणाचीही होते, सर, मला त्याचा राग नाही. पण इथे तुमच्या एका ओळीपुढे माझी पाच वर्षं खोटी ठरली, आणि ती ओळ तुम्ही सगळं कळल्यावर लिहिलीत. मी भांडले असते तर जिंकले असते. जिंकून राहायचं कुठे, तर इथेच, तुमच्यात. ते नको वाटलं."

तिचा आवाज चढला नव्हता. उलट ती समजावून सांगत होती, मंद डोक्याच्या माणसाला तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागते तशी, संथपणे. तो सूर हवालदाराच्या चांगला ओळखीचा होता. तिने टेबलाचे रिकामे खण एकेक करून ओढून पाहिले, लावले, आणि किल्ली त्याच्या हातात दिली. खाली कार्यालयात जमा करा म्हणाली, तेवढं तरी आजच्या आज.